हर्णैचा लिलाव आणि माईंचे ताट

दुपार कलली की हर्णैच्या बंदरावर जावे. दापोलीहून निघालेला रस्ता वळणे घेत खाली उतरतो, नारळी-पोफळीच्या वाड्या मागे पडतात आणि बंदर जवळ आले हे डोळ्यांच्या आधी नाकाला कळते. समोर पाण्यात सुवर्णदुर्ग उभा असतो. १७५५ साली कमोडोर जेम्सच्या आरमाराने तो तुळाजी आंग्र्यांकडून घेतला, ही इतिहासाच्या पुस्तकातली गोष्ट. बंदरावरच्या माणसांना मात्र त्या वेळी किल्ल्याकडे पाहण्याची सवड नसते. होड्या परतत असतात आणि लिलाव सुरू व्हायचा असतो.

वाचकहो, आम्ही हर्णैला गेलो ते किल्ला पाहण्यासाठी नव्हे, समुद्रस्नानासाठीही नव्हे. माझ्या सासूबाई, ज्यांना घरात सारेच माई म्हणतात, ८१ वर्षांच्या आहेत. त्यांचे माहेर हर्णैपासून जवळच्याच एका वाडीत. लग्नानंतर मुंबई आणि गेली तीस वर्षे पुणे, असा त्यांचा प्रवास. डिसेंबरात आम्ही त्यांना तिकडे घेऊन गेलो ते रात्रीच्या एका जेवणासाठी. एवढ्यासाठी सहा तासांचा प्रवास कोणी करते का, असे आपल्याला वाटेल. त्यामागचे कारण सांगताना मला थोडा संकोच वाटतो, कारण त्यात चूक माझीच आहे.

दोन वर्षांपूर्वी माईंना संपूर्ण कवळी बसवली. कवळी नवी होती, सवय व्हायची होती. एका रविवारी घरात करली आणली. करली हा चवीचा राजा आणि काट्यांचा कारखाना. ज्यांचा जन्म किनाऱ्यावर गेला त्यांच्या जिभेला तिचे काटे आपोआप बाजूला सारता येतात, आणि माई तर लहानपणापासून करली खाणाऱ्या. त्या दिवशी मात्र तिसऱ्या-चौथ्या घासाला त्या थांबल्या. डोळे भरून आले, हात गळ्याकडे गेला. आम्ही घाबरलो आणि पिढ्यान्‌पिढ्या जे करत आलेत तेच केले. भाताचा मोठा गोळा गिळायला लावला, मग केळे दिले. काटा निघाला नाही, दुखणे मात्र वाढले. अखेर रुग्णालयात नेऊन दुर्बिणीने तो काढावा लागला.

तिथल्या कान-नाक-घसा तज्ज्ञांनी दोन गोष्टी सांगितल्या. त्या आपल्यालाही उपयोगी पडतील म्हणून इथेच लिहिते. पहिली अशी की, काटा अडकल्यावर भाताचा गोळा, केळे किंवा पावाचा तुकडा गिळू नये. त्याने काटा आणखी खोल रुतू शकतो. खोकून, हलकेच खाकरून तो निघाला तर उत्तम, नाहीतर सरळ डॉक्टरांकडे जावे. श्वास घ्यायला त्रास होत असेल, लाळही गिळता येत नसेल किंवा थुंकीत रक्त दिसले, तर क्षणाचाही विलंब करू नये. दुसरी गोष्ट माझ्या ध्यानीमनीही नव्हती. वरची कवळी टाळू झाकून टाकते. घासात काटा आहे हे आपल्याला जिभेला आणि टाळूला मिळून कळते. टाळूवर कवळीचे पत्र आले की निम्मी जाणीव गेली. माईंची सवय गेली नव्हती. त्या सवयीला खबर देणारी जागाच झाकली गेली होती.

मी या गोष्टीचा सोयीस्कर अर्थ काढला. घरात मासे बंद. 'तुमच्या भल्यासाठीच हो माई,' असे म्हणाले, आणि त्या काहीच बोलल्या नाहीत. पुढचे वर्षभर त्या दहीभात, मुगाची खिचडी, क्वचित अंडे यांवर राहिल्या. जेवायला हाक मारली की 'भूक नाही गं' असे म्हणत. मी ते वयावर ढकलले. ४८ किलो वजनाच्या माई ४२ वर आल्या, खुर्चीतून उठताना हाताचा आधार घेऊ लागल्या, तेव्हा आमच्या नेहमीच्या डॉक्टरांनी विचारले, "आजी दिवसभरात खातात काय?" मी सांगितले. ते म्हणाले, "यात प्रथिने कुठे आहेत?"

हिशेब साधा आहे. वय वाढते तसे स्नायू झिजतात आणि ते टिकवायला प्रथिने तरुणपणापेक्षा कमी नव्हे, थोडी जास्तच लागतात. वृद्धांच्या आहाराचा विचार करणाऱ्या तज्ज्ञांच्या एका आंतरराष्ट्रीय गटाने २०१३ साली शिफारस केली की निरोगी वृद्धांनी वजनाच्या दर किलोमागे रोज १ ते १.२ ग्रॅम प्रथिने घ्यावीत. म्हणजे माईंना साधारण ४२ ते ५० ग्रॅम. शंभर ग्रॅम दह्यात ती तीन-चार ग्रॅम मिळतात, शंभर ग्रॅम माशात अठरा ते वीस. (मूत्रपिंडाचा विकार असेल तर हा हिशेब बदलतो, तिथे डॉक्टर सांगतील तेच प्रमाण.) डाळी, दूध, अंडी यांनीही प्रथिने भरून काढता येतातच. शाकाहारी घरांत तेच करतात आणि उत्तम करतात. पण जे माणूस जन्मभर संध्याकाळच्या कालवणाच्या वासावर भूक लागणारे, त्याच्यापुढे प्रथिनांची पावडर ठेवून काय होणार? आम्ही तीही ठेवून पाहिली. डबा अजून फडताळात आहे.

म्हणून हर्णै.

पुण्याहून ताम्हिणी घाटाने माणगाव, तिथून मंडणगड आणि दापोली असा आमचा मार्ग होता. वयस्कर माणसाला घेऊन जायचे तर गुगलने सांगितलेल्या वेळेत दीड-दोन तास मिळवूनच निघावे. दर दीड तासाला आम्ही थांबत होतो. पाय सुजू नयेत म्हणून माईंना चार पावले चालवायचे, पाणी द्यायचे, स्वच्छतागृह दिसले की गरज असो-नसो जाऊन यायचे. घाटात पोटात ढवळू नये म्हणून सकाळी फक्त मऊ पेज आणि मेतकूट दिले होते. मुक्कामाला घरगुती राहण्याची सोय मुद्दाम शोधली. अट एकच, स्वयंपाकघर वापरू दिले पाहिजे. किनाऱ्यावरची खानावळ कितीही चांगली असो, तिथल्या तळलेल्या, तिखटजाळ थाळीसाठी आम्ही आलो नव्हतो.

बंदरावर जाताना घडीची खुर्ची बरोबर घेतली आणि ते फार बरे झाले. वाळू ओली असते, मध्येमध्ये माशांचे पाणी सांडलेले असते आणि लिलावाच्या गर्दीत कोणी कोणाला सांभाळत नाही. चाकांची खुर्ची तिथे चालत नाही. माईंना रबरी तळाचे, मागून पट्टा असलेले सँडल घातले आणि गर्दीच्या कडेला, वाऱ्याच्या बाजूला बसवले. आपण कधी गेलात तर हेच करा, नाहीतर लिलाव पाहण्याच्या नादात घसरून खुबा मोडायचा.

लिलावाचे वर्णन करावे तेवढे थोडे. होड्या पाण्यात जरा लांब नांगरतात आणि मासळी लहान होड्यांनी काठावर येते. पूर्वी बैलगाड्या थेट पाण्यात घालून ती आणत. माईंच्या आठवणीतले बंदर ते, पोटापर्यंत पाण्यात उभ्या बैलांचे. वाळूवर मासळीचे ढीग पडतात आणि भोवती कडे होते. बोली इतकी भरभर चालते की बाहेरच्याला आकडा समजेपर्यंत माल उचललेला असतो. मोठे ढीग बर्फात घालून टेम्पोंमधून शहरांकडे निघतात. आपल्यासारख्यांनी त्या कड्यात शिरू नये. बाजूला कोळणी बसलेल्या असतात. लिलावात घेतलेल्या मालाचे त्या लहान-लहान वाटे लावतात. वाटा म्हणजे वजनाचा नव्हे, नजरेचा हिशेब, आणि आपली नजर तयार नसेल तर तो महागात पडतो.

माईंची नजर तयार होती. गेले वर्षभर जी बाई टीव्हीसमोर अर्धवट झोपेत बसलेली असे, ती खुर्चीत पुढे सरकून बसली. एका कोळणीने पापलेट पुढे केले. माईंनी अंगठ्याने कल्ला उचलून पाहिला आणि खाली सोडला. "आजचं नव्हे हे." कोळीण हसली आणि म्हणाली, "आजी, तुम्ही इकडच्याच दिसताय!" त्यानंतर दोघींचे जे बोलणे सुरू झाले त्यात माझे काही काम उरले नाही.

मी जवळ उभी राहून शिकत होते. ताज्या माशाचा डोळा फुगीर आणि चकचकीत असतो, शिळ्याचा आत जातो आणि धुरकट होतो. कल्ला उघडला की लाल दिसला पाहिजे, तपकिरी दिसला तर पुढे चालू लागावे. बोटाने दाबले तर मांस लगेच वर आले पाहिजे. वास समुद्राचा असावा, नाकात जाणारा उग्र नसावा. आणि बांगडा, तारली, कुपा यांसारख्या माशांबाबत तर विशेष जपावे. हे मासे बर्फाविना उन्हात राहिले की त्यांच्यात हिस्टामिन नावाचे द्रव्य तयार होते. मग ते कितीही उकळले तरी जात नाही. खाल्ल्यावर तोंड लाल होते, डोके ठणकते, अंगावर गांधी उठतात, आणि आपण समजतो की माशांची अ‍ॅलर्जी आली. वृद्धांना आणि हृदयविकाराच्या रुग्णांना असा प्रसंग परवडणारा नसतो.

मग माईंचा हात करलीकडे गेला.

लांब, चंदेरी, तलवारीसारखी ती करली त्यांनी दोन्ही हातांत धरली. माझ्या पोटात गोळा आला. "माई, करली नको हं," मी म्हणाले. माझा आवाज बहुधा लहान मुलाला दटावतात तसा लागला असावा, कारण कोळणीने माझ्याकडे पाहिले.

"बघते फक्त," माई म्हणाल्या. थोडा वेळ त्यांनी ती हातात तशीच ठेवली. मग खाली ठेवून म्हणाल्या, "हिला तोंडाने खायचे दिवस गेले माझे. ते मला कळत नाही असं वाटतं का तुला? पण समुद्रात काय एकटी करलीच आहे?"

दोन वर्षांत त्यांनी या विषयावर काढलेले हे पहिले वाक्य. मला उत्तर सुचले नाही.

त्यांनी मुडदुसे घ्यायला सांगितले. मुंबईकडे यांना नगली म्हणतात, गोव्यात मुड्डोशी. वाळूच्या तळाशी राहणारा, वीतभर लांबीचा, निमुळत्या तोंडाचा हा मासा दिसायला अगदी साधा. मांस पांढरे, मऊ, पचायला हलके. मधला काटा सरळ असतो आणि शिजल्यावर तो अखंड उचलून येतो. माईंच्या माहेरी बाळंतिणीला आणि तापातून उठलेल्याला हेच देत. सहा मुडदुसे घेतले. कोळणीने खवले, कल्ले आणि पोट साफ करून दिले, डोकी काढली. आम्ही बरोबर नेलेल्या बर्फाच्या डब्यात ते ठेवले आणि अर्ध्या तासात मुक्कामी पोहोचलो.

आता स्वयंपाक. आपल्याला वाटेल की मासे म्हणजे मोठा खटाटोप. दिवसभर आजारी माणसाची सेवा करून संध्याकाळी कोणात एवढी ताकद असते? पण खरे सांगते, साफ केलेला मासा घरात असेल तर डाळ शिजवण्यापेक्षा तो लवकर होतो. मी स्वयंपाकघरात शिरले तेव्हा सात वाजून पाच मिनिटे झाली होती, ताटे मांडली तेव्हा सात-पस्तीस.

आधी तांदूळ धुऊन, नेहमीपेक्षा वाटीभर जास्त पाणी घालून कुकर चढवला. भात मऊच हवा, मोकळा भात कवळीखाली सुटा-सुटा होतो आणि घशाशी रेंगाळतो. मासे एकदा पाण्यातून काढून हळद आणि चिमूटभर मीठ लावून ठेवले. अर्धी वाटी ओले खोबरे, दोन बेडगी मिरच्या, चमचाभर धणे, चार लसूण पाकळ्या आणि पाव चमचा हळद हे सारे गंधासारखे बारीक वाटले. इथे आळस करू नये. जाडसर वाटणाचा चोथा वृद्ध माणसाला ठसका लावतो. वाटण टोपात घालून दीड भांडे पाणी घातले, चार आमसुले टाकली आणि मंद आचेवर एक उकळी येऊ दिली. मग मासे अलगद आत सोडले. पळी घालून ढवळायचे नाही, टोप दोन्ही कडांनी धरून नुसता हलवायचा, म्हणजे मासे मोडत नाहीत आणि काटे कालवणात विखुरत नाहीत. सहा-सात मिनिटांत मांस पारदर्शकपणा सोडून दुधासारखे पांढरे होते आणि काट्यापासून सुटू लागते. झाले. गॅस बंद करून वरून चमचाभर खोबरेल तेल घातले. फोडणी नाही, तळण नाही.

मिठाबद्दल एक सांगायचे राहिले. रक्तदाबासाठी माईंचे मीठ कमी केलेले आहे. कमी मिठाच्या भाज्या त्यांना पाण्यासारख्या लागतात, कालवणात मात्र तशी तक्रार आली नाही, कारण आमसुलाचा आंबटपणा मिठाची उणीव बरीचशी झाकतो. बांगड्याच्या किंवा तारलीच्या कालवणात आपण तिरफळे घालत असाल, तर ती ठेचून घाला आणि वाढण्यापूर्वी मोजून बाहेर काढा. चार घातली तर चार निघाली पाहिजेत. कठीण टरफल घशात अडकायला माशाचा काटाच असावा लागतो असे नाही.

जेवायला बसलो तेव्हा मी ठरवलेच होते की माईंच्या पुढे निवडलेला मासाच ठेवायचा. मी एक मुडदुसा पसरट ताटलीत काढला, पाठीकडून उघडला आणि मधला काटा उचलू लागले. तेवढ्यात माईंनी ताटली स्वतःकडे ओढली.

"दे इकडे. तोंडाला कळत नसेल, बोटांना कळतं."

मी त्यांच्या हातांकडे पाहत राहिले. सांध्यांची बोटे वाकडी झालेली, नखांवर रेघा, सुईत दोरा ओवता येत नाही म्हणून दोन वर्षांपूर्वी शिवण सोडलेले ते हात. त्यांनी माशाच्या पाठीवर अंगठा दाबला, वरचा अर्धा भाग बाजूला सारला आणि शेपटीकडून काटा असा उचलला की तो शेवटपर्यंत अखंड आला. मग पोटाकडचा भाग वेगळा केला, तिथे बारीक काटे असतात. उरलेले मांस त्यांनी चिमटीत घेऊन, कणीक मळताना खडा शोधावा तसे, बोटांमधून फिरवले. एक काटा निघाला, केसाएवढा. तो त्यांनी ताटलीच्या कडेला ठेवला. मग दुसरा. मला तो दिसलाही नव्हता.

मी चष्मा लावून, चांगल्या उजेडात, तेच मांस पुन्हा एकदा चाचपले. त्यांनी ते करू दिले. आमच्यात एक अलिखित करारच झाला म्हणा ना. निवडायचे त्यांनी, फेरतपासणी माझी.

त्या जेवल्या. भात, कालवण आणि दीड मुडदुसा. आपल्या घरात न जेवणारे माणूस असेल तर 'दीड मुडदुसा' या शब्दांचे वजन आपल्याला वेगळे सांगायला नको. घास लहान होते, प्रत्येक घासानंतर त्या थांबत होत्या. बोलता-बोलता जेवू नये हा नियम मी आठवण करून दिला, तर म्हणाल्या, "मग तू विचारू नकोस." पाठ सरळ ठेवून बसवले होते, आणि जेवणानंतरही अर्धा तास ओसरीवर तसेच बसून राहिलो. समुद्र दिसत नव्हता, ऐकू येत होता. त्या अर्ध्या तासात त्यांनी त्यांच्या आईबद्दल जे सांगितले ते मी लग्नाला सदतीस वर्षे झाली तरी ऐकले नव्हते. ते घरचे आहे, इथे लिहीत नाही.

इथे एक इशारा दिलाच पाहिजे. आमच्या माईंना गिळण्याचा विकार नाही, त्यांची बोटे आणि बुद्धी शाबूत आहेत. आपल्या घरी पक्षाघातातून उठलेले, पार्किन्सनचे किंवा विस्मरणाचे रुग्ण असतील, पाणी पितानाही ठसका लागत असेल, जेवल्यावर आवाज ओलसर, घोगरा होत असेल, तर हे सारे आपण करू नये. आधी डॉक्टरांना आणि गिळण्याच्या तज्ज्ञांना विचारावे. अशांना मासा द्यायचा झालाच तर त्यांनी सांगितले तितका बारीक करून, आणि निवडण्याचे काम पूर्णतः आपले. संधिवातातला युरिक आम्लाचा त्रास असेल तर तारली, बांगडा, कोळंबी बेताने. खारवलेली सुकी मासळी रक्तदाबाच्या माणसाला चवीपुरतीच.

दुसऱ्या दिवशी पुन्हा बंदरावर गेलो. या वेळी बोंबील घेतले. बोंबलाचा काटा मऊ म्हणून तो वृद्धांना बरा, पण त्यात पाणीच फार. वजनाच्या मानाने प्रथिने इतर माशांच्या निम्मीच पडतात, तेव्हा बोंबलावर सगळी भिस्त ठेवू नये. कोळंबीला काटाच नाही. पाठीचा काळा दोरा काढून बारीक चिरली आणि तीन-चार मिनिटांतच आचेवरून उतरवली तर कवळीलाही चावते. जास्त शिजली की रबर. सुरमईची तुकडी घ्यायची तर शेपटीकडची घ्यावी, पोटाकडच्या तुकडीत फासळ्यांचे काटे येतात. करली, पाला आणि तारली मात्र कवळीच्या माणसाला नकोतच. या बाबतीत मी आजही हट्टी आहे आणि माईंची त्याला हरकत नाही.

परतताना बर्फात घालून चार दिवसांचे मासे आणावेत असा मोह झाला होता. आणले नाहीत. डिसेंबरातही गाडीतले सहा तास म्हणजे सहा तास. पुण्यात गणेश पेठेच्या बाजारात मासळी मिळते, ती बर्फातली असली तरी पाहून घेतली तर चांगली असते, हे माईंनीच मला पटवले. आता बुधवारी आणि रविवारी आमच्याकडे कालवण असते. जून-जुलैत यांत्रिक मासेमारी बंद असते, तेव्हा अंडी आणि मुगाचे कालवण त्याच वाटणात करू, असे ठरले आहे.

तीन महिन्यांनंतर काट्यावर त्यांचे वजन ४३ किलो ६०० ग्रॅम भरले. ते सगळे माशांमुळेच असे मी म्हणणार नाही. डॉक्टरांनी खुर्चीतून उठण्या-बसण्याचा व्यायामही दिला आहे आणि त्या तो कुरकुरत का होईना करतात. काल मंगळवार होता. रात्री झोपण्यापूर्वी त्यांनी मला खोलीत बोलावले. मला वाटले गुडघा दुखतो आहे.

"उद्या जाशील ना बाजारात? सातलाच जा. मागच्या वेळी नऊला गेलीस, कल्ले बघितले होतेस का तू? आणि तो चष्मा घेऊन जा."